तुम्ही विचारलंत म्हणून: इतकं अवघड आणि इतकं रडवणारं का आवडतं?

हे मला बऱ्याच जणांनी विचारलंय, की अगं दिवसभराची कटकट संपवून माणूस दोन घटका करमणुकीला बसतो, तेव्हा तू ज्यात पावलोपावली मरायचं असतं तो गेम खेळतेस आणि ज्यात अख्खं शहर कोसळतं ती अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनची, सिरीज पुन्हापुन्हा लावतेस, हे कशासाठी? गेम म्हणजे डीमन्स सोल्स आणि सिरीज म्हणजे टोकियो मॅग्निट्यूड ८.०. दोन्ही जपानच्या, दोन्ही २००९ सालच्या, आणि दोन्ही मला मनापासून प्रिय आहेत. तर एकदाच नीट सांगते. सिरीजचा शेवट यात येणार आहे, त्याशिवाय मला जे म्हणायचंय ते म्हणताच येणार नाही, त्यामुळे ज्यांना बघायचीये त्यांनी आधी बघून या, अकराच एपिसोड आहेत.

गेमपासून सुरू करते. ‘अवघड’ हे विशेषण त्याला इतकं चिकटलंय की लोक त्याच्याबद्दल दुसरं काही ऐकूनच घेत नाहीत. बोलेटेरिया नावाचं राज्य आहे, त्यावर दाट धुकं पसरलंय, धुक्यातून राक्षस आलेत आणि हे सगळं राजा अ‍ॅलांटच्या हावरटपणामुळे झालंय, तुम्ही त्यात शिरता. अगदी सुरुवातीला, जिथे बटणं कशी वापरायची हे शिकवतात तिथेच, एक अवाढव्य राक्षस समोर येतो आणि जवळपास सगळेच त्याच्याकडून मरतात, आणि मेल्यावरच खरा गेम सुरू होतो. शत्रू मारले की सोल्स मिळतात, तेच तुमचे पैसे आणि लेव्हल वाढवायलाही तेच लागतात. मेलात की सगळे सोल्स जिथे मेलात तिथे रक्ताच्या डागात पडून राहतात, तिथपर्यंत परत पोचलात तर मिळाले, वाटेत पुन्हा मेलात तर कायमचे गेले. वर मेल्यामुळे शरीरही जातं, नुसत्या आत्म्याच्या रूपात फिरावं लागतं आणि हेल्थ, म्हणजे मार सोसायची ताकद, निम्मी होते.

हे ऐकून लोक म्हणतात, हा तर शुद्ध छळ आहे. पण पहिल्याच किल्ल्यात एक जिना आहे तो बघा. वरून शत्रू लोखंडी गोळा सोडतात, तो गडगडत खाली येतो आणि तुम्हाला चिरडून टाकतो. आता तुम्ही ऑनलाइन खेळत असाल तर त्या जिन्यावर आणि पायथ्याशी रक्ताचे डाग दिसतात, ते दुसऱ्या खेळाडूंचे, खऱ्या माणसांचे. डागाला हात लावला की त्या माणसाचे शेवटचे काही क्षण लाल भुतासारखे दिसतात, बिचारा पळत वर जातोय, मध्येच थबकतो, उडून मागे पडतो. गोळा तुम्हाला दिसत नाही, फक्त पडणारा माणूस दिसतो. आणि तेवढं पुरतं, तुम्हाला कळतं की इथे वरून काहीतरी येतं. कुणीतरी अनोळखी माणूस तिथे मेला म्हणून तुम्ही वाचलात.

त्याच्याजवळच जमिनीवर कुणीतरी लिहिलेला मेसेज चमकत असतो. मनात येईल ते लिहिता येत नाही, ठरलेली वाक्यं जुळवून लिहायची, पुढे जपून, इथे खजिना आहे, असं. ज्याला तो उपयोगी पडला तो त्याला शाबासकी देतो, आणि शाबासकी मिळाली की लिहिणाऱ्याची हेल्थ भरते, तो त्या वेळी दुसऱ्या कुठल्या कोपऱ्यात कुणाशीही झुंजत असला तरी! म्हणजे तुम्ही मरायला टेकलेले असता, औषधी गवत संपलेलं असतं, आणि एकदम हेल्थ भरते, कारण तुम्ही मागे कधीतरी लिहिलेली ओळ कुणाच्या तरी कामी आली. तो कोण हे कधीच कळत नाही. पीएस ३ (प्लेस्टेशन ३) वरच्या मूळ गेममध्ये व्हॉइस चॅट नाही, मदतीला येणारा निळा फँटम, म्हणजे भुताच्या रूपात तुमच्या जगात आलेला दुसरा खेळाडू, बहुतेक वेळा अनोळखीच असतो, तो येतो, बॉस, म्हणजे त्या भागातला सगळ्यात मोठा शत्रू, मारायला मदत करतो आणि निघून जातो.

गेमचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी अनोळखी माणसांच्या मदतीची ही कल्पना कुठून आली ते मुलाखतीत सांगितलंय आणि मला ती गोष्ट फार आवडते. अचानक बर्फ पडल्यामुळे चढावर गाड्या घसरायला लागल्या, कुणालाच वर जाता येईना, मग मागच्या गाडीने पुढच्या गाडीला ढकलायला सुरुवात केली आणि असं करत करत एकेक गाडी वर चढली. ते स्वतः वर पोचले, पण थांबून आभार मानायला गेले असते तर पुन्हा अडकले असते, म्हणून तसेच पुढे गेले, आणि नंतर त्यांना वाटत राहिलं की रांगेतला शेवटचा माणूस घरी पोचला असेल का. त्या गेमचा जीव या प्रश्नात आहे, आणि अवघडपणा त्याच्यासाठी लागतो, कारण चढ सोपा असता तर कुणी कुणाला ढकललंच नसतं.

सगळंच भारी आहे असं मी म्हणत नाही. आधीच हरणाऱ्या माणसाची हेल्थ निम्मी करणं मला आजही पटत नाही. गवत संपलं की त्याच त्या शत्रूंना मारत गवत गोळा करत बसावं लागतं, त्यात आव्हान काही नाही, नुसता कंटाळा आहे. विषारी दलदलीचा भाग तर मुद्दाम सावकाश चालायला लावतो. पण त्या दलदलीच्या तळाशी अ‍ॅस्ट्रेया आहे. ती संत होती, टाकून दिलेल्या रोगट लोकांना मदत करायला त्या दरीत उतरली आणि तिथलीच झाली, तिचा अंगरक्षक गार्ल तिच्यासाठी उभा असतो. तिच्याजवळ पोचलात की ती तुम्हाला निघून जा म्हणते. गार्लला मारलंत तर ती लढतसुद्धा नाही, स्वतःच जीव देते. बॉस मारल्याचा आनंद तिथे होत नाही, व्हावा अशी अपेक्षाही नाही, आणि इतर गेममध्ये असं वाटायला लावणारी माणसं मला फारशी भेटलेली नाहीत.

आता सिरीज. मिराई नावाची शाळकरी मुलगी, घरात आईबाबांच्या कुरबुरी, सुट्टी लागलीये आणि धाकट्या भावाला, युकीला, टोकियोतल्या ओदाइबाला रोबोंचं प्रदर्शन दाखवायला न्यायचं काम तिच्या गळ्यात पडलंय. ती वैतागलेली आहे आणि फोनवर टाइप करते की हे सगळं मोडून पडलं तर बरं होईल. आणि त्याच वेळी ८.० चा भूकंप होतो. पुढची सगळी गोष्ट म्हणजे दोन मुलं आणि त्यांना वाटेत भेटलेली मारी, मोटरसायकलवरून कुरियर पोचवणारी बाई, यांचं घरापर्यंत चालत जाणं. बस, एवढंच.

मला ती एवढी खरी वाटते कारण ती कोसळणाऱ्या इमारतींवर रेंगाळत नाही. रेनबो ब्रिज पडतो, टोकियो टॉवर पडतो, पण लक्ष कशाकडे, तर पाणी कुठे मिळेल, फोन का लागत नाही, टॉयलेटला कुठे जायचं, पायाला फोड आलेत, लहान भाऊ मध्येच बसून घेतोय. सुरुवातीलाच सांगतात की पुढच्या ३० वर्षांत टोकियोला ७ किंवा त्याहून मोठ्या भूकंपाचा धोका ७० टक्के आहे आणि हे सगळं अभ्यास करून बनवलंय. मग दोनच वर्षांत, ११ मार्च २०११ ला, ईशान्य जपानमधल्या तोहोकूचा ९.० चा भूकंप झाला. त्सुनामीने तिथला किनारा उद्ध्वस्त केला, आणि टोकियोच्या परिसरात रेल्वे बंद पडल्यामुळे सरकारी अंदाजानुसार ५० लाखांहून जास्त लोक त्या दिवशी घरी जाता न आल्यामुळे अडकले. कितीतरी जण रात्रभर चालत होते. जी गोष्ट सिरीजने अकरा एपिसोडभर दाखवली होती तीच.

मारीबद्दल लिहायलाच हवं. तिची स्वतःची छोटी मुलगी आणि आई घरी आहेत, त्या जिवंत आहेत की नाही हे तिला माहीत नाही, तिने या दोघांना एखाद्या शिबिरात सोडून पुढे धाव घेतली असती तर कुणी तिला नावं ठेवली नसती. पण ती या परक्या मुलांच्या चालीने चालते. वाटेत एका शाळेतल्या शिबिरात म्हातारं जोडपं भेटतं, लोकांची कामं करत राबत असतं, आणि मग कळतं की त्यांची स्वतःची नातवंडं या भूकंपात गेलीत. ती दोघं त्यावर भाषण देत नाहीत, काम करत राहतात.

आणि युकी. तो मध्येच कोसळतो, हॉस्पिटलमध्ये नेतात, आणि नंतर तो पुन्हा बहिणीबरोबर चालताना दिसतो, पण तो गेलेला आहे, मिराईला ते मान्य होत नाही म्हणून तो आपल्यालाही दिसत राहतो. बरेच जण चिडतात, म्हणतात ही प्रेक्षकांची फसवणूक आहे. मला अजिबात तसं वाटत नाही. दुसऱ्यांदा बघाल तर सगळं समोरच ठेवलेलं असतं, युकी बोलतो तेव्हा मारी त्याला उत्तर देत नाही, ती फक्त मिराईकडे बघते, काळजीने, आणि तिचं खोटं तोडतही नाही. पोरीला स्वतःहून कळेपर्यंत ती तिच्याबरोबर चालत राहते, आणि जे सांगायला हवं ते सांगायचीही तिची हिंमत होत नसते, ते तिच्या चेहऱ्यावर दिसतं. ते दोन-तीन एपिसोड मी बघितलेल्या अ‍ॅनिमेतले सगळ्यात नाजूक हाताने लिहिलेले आहेत. मधला रोबोवाला भाग जरा लांबतो हे मात्र खरं.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की मला मरणं किंवा रडणं आवडत नाही, मला बर्फातल्या त्या गाडीवाल्यासारखी माणसं बघायला आवडतात आणि ती दाखवायची तर आधी चढ दाखवावा लागतो. दोन्हीकडे तो चढ खरा आहे, म्हणून मदतही खरी वाटते.

आणि पुढचा प्रश्न येणारच, की आधी काय घेऊ. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर सिरीज आत्ता बघू नका, ती कुठे पळून जात नाही. गेम कधीही सुरू करा. मूळ पीएस ३ वरचे सर्व्हर २०१८ च्या फेब्रुवारीत बंद झाले, त्यामुळे ब्लूपॉइंट या कंपनीने २०२० मध्ये पीएस ५ साठी नव्याने बनवलेला घ्या आणि ऑनलाइन ठेवूनच खेळा, ऑफलाइन खेळलात तर ते रक्ताचे डाग, ते मेसेज, ते निळे फँटम यातलं काहीच दिसणार नाही आणि मग तुम्हीही मला म्हणाल की गेम नुसता अवघड आहे.