ऊन आणि पाऊस एकाच टायरवर: नागपूर ते दापोली

सासर नागपूर आणि माहेर दापोली असलेल्या बाईला जून महिना फार सोयीचा. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे पोरांना घेऊन कोकणातला पहिला पाऊस गाठता येतो. अडचण एकच, त्या आठवड्यात राज्याच्या दोन टोकांना दोन वेगळे ऋतू चालू असतात. २०२५ च्या मान्सूनने तर कहरच केला. २६ मेलाच मुंबईत हजर, आणि मग नागपूरच्या वेशीबाहेर दोन आठवड्यांहून जास्त रुसून बसला. आम्ही निघालो तेव्हा नागपुरात कूलरशिवाय झोप लागत नव्हती आणि आई फोनवर सांगत होती, अंगणात पाणी साचलंय, पुढच्या दाराने या.

या वेळी निघण्याआधी चारही टायर बदलले. त्याला कारण आदल्या वर्षीचा ताम्हिणी घाट. उतारावर समोरचा टेम्पो थांबला, मी ब्रेक दाबला आणि गाडीने ऐकलंच नाही. दोन-तीन सेकंद स्टेअरिंग हातात अगदी हलकं झालं, जणू चाकं जमिनीवर नव्हतीच. पाण्यावर तरंगत होतो आम्ही. टेम्पोच्या मागच्या फळीपासून दीड-दोन हातांवर थांबलो. गंमत म्हणजे टायर काही गोटा झालेले नव्हते. घरी येऊन मोजलं तर नक्षी अडीच मिलिमीटर. कायद्याने १.६ पुरते, म्हणजे मी कायद्यात चोख बसत होते! पण टायरच्या खाचा असतात त्या मुळात पाणी बाहेर ढकलायला. नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटरची असते. ती अडीचवर आली की कोरड्या रस्त्यावर काहीच जाणवत नाही, आणि मुसळधार पावसात टायरखालचं पाणी बाजूला व्हायला जागाच उरत नाही.

तेव्हापासून माझा हिशेब ठरला. तीन मिलिमीटर राहिले की पावसाळ्याच्या आधी टायर बदलायचे, अजून दहा हजार किलोमीटर जातील असं कोणी कितीही सांगो. मोजायचा गेज दीड-दोनशे रुपयांत मिळतो, घेऊन डिकीत टाका. गेज नसेल तर खाचेच्या तळाशी आडवी उंचवट्याची पट्टी असते, ती शोधा. नक्षी झिजून त्या पट्टीच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण घाटात जाणाऱ्याने तोवर थांबू नये.

खरेदीची कथा थोडक्यात. पहिल्या दुकानात मालक सगळं माझ्या नवऱ्याला समजावत होता, आणि नवरा माझ्याकडे बघत होता. गाडी मी चालवते. ‘ऑल सीझन आहे साहेब, बारा महिने बघायला नको’ म्हणून जो टायर पुढे केला, त्याच्या कडेवर शेवटचे चार आकडे होते २२२२. म्हणजे २०२२ च्या बाविसाव्या आठवड्यात बनलेला. तीन वर्षांचा टायर, वर दहा टक्के सूट. आम्ही बाहेर पडलो. हे आकडे प्रत्येक टायरवर असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. सहा महिन्यांहून जुना माल असेल तर मी घेत नाही, आणि चारही टायरवरचे आकडे स्वतः वाकून वाचते. ते टायरच्या एकाच बाजूला असले तर आत लपू शकतात, म्हणून रिमवर चढवण्याआधी वाचायचे.

‘ऑल सीझन’ या शब्दाबद्दलही सांगते, कारण त्याच्या नावावर जास्त पैसे लागतात. माझा मामेभाऊ जर्मनीत श्टुटगार्टला असतो. त्याच्याकडे या शब्दाला कायद्याचा अर्थ आहे. टायरवर तीन शिखरांच्या आत हिमकण असं चिन्ह हवं, तरच तो टायर बर्फाच्या रस्त्यावर चालतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं एम प्लस एस, म्हणजे मड अँड स्नो, लिहिलेलं तिथे धरत नाहीत. आपल्याकडे बर्फ नाही. आपला बारमाही टायर म्हणजे ४४ अंशांत तापून टिकणारा आणि कोकणातल्या पावसात पकडणारा, बस्स. या दोन गोष्टी एकमेकींच्या थोड्या विरुद्ध जातात. घट्ट रबर जास्त टिकतं पण ओल्यात कमी धरतं, मऊ रबर धरतं पण लवकर झिजतं. टायरच्या कडेवर ट्रेडवेअर, ट्रॅक्शन, टेंपरेचर असे तीन शब्द कोरलेले असतील तर बघा. ट्रेडवेअरचा आकडा जितका मोठा तितका टायर टिकाऊ, पण ही तुलना एकाच कंपनीच्या दोन टायरांत करावी, दोन कंपन्यांत नाही. ट्रॅक्शन म्हणजे ओल्या रस्त्यावरची पकड, आणि टेंपरेचर म्हणजे उष्णता सोसायची ताकद. विदर्भातल्या माणसाने टेंपरेचरला ए, म्हणजे सगळ्यांत वरचा दर्जा, असलेलाच घ्यावा. ट्रेडवेअर सगळ्यांत मोठा असलेला मी मुद्दाम सोडला आणि मधला घेतला. पाच-सात हजार किलोमीटर कमी जातील, जाऊ देत.

दुसऱ्या दुकानातल्या काकांनी पहिला प्रश्न विचारला, ‘ताई, रोड कोणता तुमचा?’ तिथेच घेतले. माप कंपनीचंच, १८५/६५ आर १५. पुढे ८८ एच. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. यातलं काहीही कंपनीने दिलंय त्याहून कमी घेऊ नका. बॅलन्सिंग, अलाइनमेंट धरून २३ हजारांच्या आसपास गेले. तेव्हा टायरवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबरपासून तो १८ झाला, म्हणजे तीन महिन्यांनी हुकलं. चार घेण्याचं बजेट नसेल आणि दोनच घेणार असाल, तर नवे मागे टाका. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असली तरी मागेच. पुढचं चाक घसरलं तर ते स्टेअरिंगला कळतं आणि सावरता येतं, मागचं घसरलं तर गाडी गरकन फिरते.

पहाटे साडेचारला नागपूरजवळच्या शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढलो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जूनला पूर्ण उघडला, पण आम्हाला संभाजीनगरला उतरून नगरमार्गे पुण्याला जायचं होतं. समृद्धीवर टायर फुटण्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. रस्ता सिमेंटचा, सरळ, गाड्यांना १२० ची मर्यादा, आणि तासन् तास ब्रेकला पाय नाही. टायर तापतो तो उन्हापेक्षाही कमी हवेने. हवा कमी असली की कड सारखी दबते-उठते, त्या घुसळणीत आतून गरम होते, आणि वर गाडीत सहा माणसं, डिकीत तांदळाचं पोतं. आमच्याकडे अजून लोक सांगतात, उन्हाळ्यात दोन पॉइंट कमीच भरा, फुटणार नाही. नेमकं उलट आहे. दरवाज्याच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर लिहिलीय तितकी हवा, टायर थंड असताना भरायची. मी पहाटे ३३ भरली. जालन्याच्या अलीकडे थांबलो तेव्हा ३८ दाखवत होती. घाबरून गरम टायरची हवा सोडू नका, ती वाढणं धरूनच स्टिकरचा आकडा ठरलेला असतो. नायट्रोजनसाठी जादा पैसे मी देत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

१२० ची मुभा असली तरी मी ९५-१०० वर चालवली. मेहकरजवळ मागून सुसाट गेलेल्या एका गाडीचा मागचा टायर एवढा बसका दिसत होता की पोरगा म्हणाला, आई, त्याला फोन कर ना.

पुण्यात नणंदेकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी पौड सोडलं आणि पाऊस सुरू झाला. मुळशीच्या पुढे तर वायपर पूर्ण वेगात लावूनही समोरचं धूसर. मागच्या वर्षीच्या त्या उतारावर पोचले तेव्हा, खरं सांगते, पोटात गोळा आला. रस्त्यावर आडवा ओहोळ वाहत होता. ताशी तीस, दुसरा गिअर, ब्रेक हलकेच. गाडी थांबली. जिथे थांबावी असं मला वाटलं तिथेच. टायर कितीही नवा असला तरी घाटात वेग कमी ठेवावाच लागतो, फक्त या वेळी हात थरथरत नव्हते. धबधब्याखाली गाड्या लावून नाचणाऱ्यांपासून जपा. रस्ता अर्धा त्यांनीच अडवलेला असतो.

माणगाव, मग आंबेतचा पूल, आणि म्हाप्रळच्या पुढे पंक्चर. नवा टायर, नवा खिळा! स्टेपनी काढली तर ती चौदा इंची, आणि तिच्यावर ८० च्या वर पळवू नका असा पिवळा स्टिकर. गाडी घेऊन सात वर्षं झाली, मी तो पहिल्यांदा वाचला. तुमची स्टेपनी निघण्याआधी बघा, माप बघा, हवा बघा. मंडणगडात पंक्चरवाल्याने खिळा उपटून रबराची वात ठासली आणि साबणाचं पाणी लावून बुडबुडे तपासले. खिळा मधोमध होता म्हणून निभावलं. कडेला घुसला असता तर तो टायर भंगारात. कडेचं पंक्चर काढून देतो म्हणणारा भेटला तर हात जोडून पुढे निघा.

दापोलीत शेवटची गोष्ट झाली. आमच्या घराकडे चढणारा रस्ता जांभ्याचा, त्यावर पावसाने शेवाळ. वीस फूट चढून गाडीची पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. नवीन २३ हजारांचे टायर, आणि हिरवं पाणी मागे उडतंय. मी आणखी रेस देणार तेवढ्यात बाबा छत्री घेऊन खाली आले. ‘रेस देऊ नकोस, टायर जाळशील. शेवाळ आहे ते, टायर काय करील?’ त्यांनी गोठ्यातली दोन गोणपाटं आणून पुढच्या चाकांना टेकवून अंथरली, मला पहिल्या गिअरवर क्लच हळूहळू सोडायला लावला, आणि गाडी चढली. मग गोणपाटं झटकून त्यांनी ती घडी घालून आमच्याच डिकीत ठेवली, तांदळाच्या पोत्याशेजारी.