फवाऱ्याआधी १०६, फवाऱ्यानंतर १२८

जळगावात महामार्गाच्या कडेला माझं रेडियमचं दुकान आहे. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना शोरूममधूनच हाय सिक्युरिटी प्लेट लागून येते, त्यामुळे नंबर टाकायचं काम जवळपास संपलं. काचेवरची नावं, पट्टे एवढंच राहिलं. तरी प्लेटची काही भानगड असली की माणसं जुन्या सवयीने आमच्याच दारात येतात.

मागच्या उन्हाळ्यात दिवेलागणीला सावद्याचे एक केळीवाले आप्पा आले. सोबत बावीस वर्षांचा भाचा. त्यांची कार घेऊन वसुलीला सुरतेला हाच जातो. आप्पांनी स्प्रेचा डबा काउंटरवर ठेवला.

“मले सांग भो, हे खोटं आहे की यानं नीट मारलं नाही? बाराशे रुपये गेले अन् चलान काही थांबत नाही.”

डब्यावर दावा होता : प्लेटवर तीन हात मारा, कॅमेऱ्याचा फ्लॅश उलटा फिरेल, फोटोत नंबराच्या जागी नुसता पांढरा उजेड.

तोंडी सांगून भाच्याला पटेल असं दिसेना. माळ्यावर एक जुनी रिफ्लेक्टिव्ह प्लेट पडून होती. अर्ध्या भागावर मास्किंग टेप लावली, उरलेल्या अर्ध्यावर त्याच डब्यातले तीन हात मारले. वाळल्यावर टेप काढून प्लेट शटरला टांगली आणि दिवे घालवले. आधी मोबाइलचा फ्लॅश मारून दहा पावलांवरून फोटो काढले. मग दुकानाच्या सीसीटीव्हीवर पाहिलं. रात्री तो इन्फ्रारेड उजेडावर चालतो, रस्त्यावरचे नंबर टिपणारे कॅमेरेही बहुधा तसलाच उजेड वापरतात. दोन्हीकडे सगळे आकडे वाचता आले. टेप कुठवर होती ते सांगता येईना. भाचा फोटो मोठा करून पाहत राहिला. त्याच्या बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. ते बोट स्क्रीनवर त्याच आकड्यांवरून पुन्हापुन्हा फिरत होतं.

प्लेटचा पांढरा थर मुळातच उजेड जिकडून आला तिकडे परत पाठवतो, आणि कॅमेरे हे धरूनच बसवलेले असतात. वरून पारदर्शक वार्निश मारल्याने काळे आकडे पांढरे होत नाहीत. दिवसा तर बहुधा फ्लॅश लागतही नाही. आणि पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीतली लेझर गन वेग काही नंबर वाचून मोजत नाही. डोळ्यांना न दिसणारे प्रकाशाचे ठोके गाडीवर आपटून परत येतात. गाडी जवळ येते तसतसा त्यांचा परतीचा वेळ कमी होतो, त्यावरून वेग निघतो. सगळं सेकंदाच्या आत.

“मग डिटेक्टर बसवू का?” भाच्याने विचारलं.

डिटेक्टर म्हणजे वेग मोजणाऱ्या यंत्राची चाहूल लागली की वाजणारी डबी. रडार असेल तर त्याची चाहूल लांबून लागू शकते. लेझरचा झोत मात्र ३०० मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद असतो. डबी वाजली म्हणजे झोत तुझ्याच गाडीवर पडला, आता ब्रेक मारून काय उपयोग? नंबर खरोखर लपतो तो काळ्या फिल्मने नाहीतर प्लेट वाकवून, आणि ते हवालदाराला नुसत्या डोळ्यांनी दिसतं. तो सरळ गुन्हा आहे. मी ते काम कुणालाच करून देत नाही.

आप्पा उठायला लागले तेव्हा मी चलानं बघायला मागितली. पाच होती. प्रत्येक फोटोत नंबर ठळक, खाली वेग. मी ते तारखेप्रमाणे बिलाच्या पाठीमागे लिहून काढले.

“स्प्रे कधी मारला रे?”

“होळीच्या आदल्या दिवशी.”

होळीआधीची दोन चलानं : १०४, १०६. होळीनंतरची तीन : ११७, १२१, १२८.

तिथे माझा पेन थांबला. मी रोज ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना मागून लाल रेडियमच्या पट्ट्या लावतो, कारण कित्येक ट्रॉल्यांना मागचा दिवाच नसतो. १२८ म्हणजे सेकंदाला पस्तीस मीटर. एरंडोल-पारोळ्याच्या बाजूला रात्री कापसाची ट्रॉली पुढे आली आणि तिला तेवढी पट्टीही नसली, तर या पोराला ब्रेकवर पाय ठेवायला तरी वेळ मिळाला असता का?

आप्पा तोवर रुपयेच मोजत होते. आता त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

“तुह्या मायले मी काय सांगितलं असतं रे?”

भाचा मान खाली घालून म्हणाला, “मामा, फोटोत येणारच नाही असं वाटायचं. अन् सकाळी कापणीला बागेत पोचायचं असायचं.”

“वसुली राहिली तर राहू दे. यापुढे सुरतेहून दुपारी चार वाजता निघायचं.”

कारच्या प्लेटवरचा थर साबणाच्या पाण्याने निघाला नाही. थिनर लावला असता तर खालचा रिफ्लेक्टिव्ह थर गेला असता, म्हणून तसाच राहू दिला. आप्पा पायरीपर्यंत गेले आणि परत वळले.

“आपल्या ट्रॉलीले मागून पट्टी आहे का रे?”

भाच्याने नकारार्थी मान हलवली. मी लाल रोल काढला आणि दोन मीटर कापून दिली.