गार्ड उपलब्ध नाही

मंगळवार, रात्री

शिवाजीनगर कोर्टातून आल्यापासून जेलकडून आलेला अहवाल डोक्यातून जात नाही. ‘पोलीस मुख्यालयाकडे गार्डची मागणी करण्यात आली होती. गार्ड उपलब्ध न झाल्याने बंद्यास रुग्णालयात पाठवता आले नाही.’ खाली सही-शिक्का. मागच्या तारखेलाही हाच मजकूर होता, फक्त जावक क्रमांक वेगळा.

माझा अशील असलेला हा मुलगा कच्चा कैदी आहे, खटला अजून उभाही राहिलेला नाही. केस पुण्याची, पण येरवड्यात गर्दी म्हणून त्याला दुसऱ्या जिल्ह्यातल्या आडबाजूच्या जेलात हलवलं. त्याची आई मुलाकातीला जाऊन आली. सांगत होती, काचेपलीकडे बसला की उजव्या कुशीत मूठ दाबून धरतो, बोलता बोलता मध्येच ओठ आवळतो. "वकीलताई, तिकडं डॉक्टरच नाही का हो?"

आहेत मावशी. तालुक्याच्या गावी रुग्णालय आहे, सोनोग्राफीचं मशीनही आहे. फाटकाबाहेर काढायला पोलीस नाहीत. कैद्याला दवाखान्यात न्यायचं तर गार्ड जिल्ह्याच्या मुख्यालयातून यावा लागतो. सण आला, निवडणूक आली, मंत्र्यांचा दौरा आला की सगळे बंदोबस्ताला. उरलेले कोर्टाच्या तारखांना. आजारी माणसाचा नंबर सगळ्यांत शेवटी. कधी गार्ड आलाच, तर गाडी पोचेपर्यंत ओपीडी बंद होते. मग पुन्हा पत्र, पुन्हा मागणी, आणि तोवर दुखण्याच्या गोळ्या.

कायद्यात कमी नाही. १८९४ च्या कारागृह अधिनियमातही लिहिलंय, की कैद्याने डॉक्टर मागितला किंवा तो आजारी दिसला, तर विनाविलंब जेलरला कळवायचं. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात बजावलं, की समोरचा निर्दोष असो वा गुन्हेगार, जीव वाचवणं हे डॉक्टरचं कर्तव्य. पण त्या डॉक्टरपुढे रोग्याला उभं कोणी करायचं?

पुण्यात राहून हे फार खुपतं. १२ जानेवारी १९२४ ला येरवड्याचे कैदी असलेल्या गांधीजींना ससूनमध्ये आणलं आणि त्याच रात्री कर्नल मॅडॉक यांनी त्यांचं अपेंडिक्स काढलं. मध्येच वीज गेली, तर कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया पुरी केली. ते गांधी होते, सरकारला धास्ती होती, हे खरंच. पण येरवडा आणि ससून यांच्यात जेमतेम एक नदी आहे, हेही खरं. माझ्या अशिलाच्या जेलाबाहेर निघालं की आधी कितीतरी वेळ नुसती शेतं लागतात.

व्हिडिओवर डॉक्टर दाखवायची सोय सगळीकडे व्हावी असं मला मनापासून वाटतं. ताप, साखर, रक्तदाब यांना ती पुरेल. पोट मात्र हाताने दाबूनच बघावं लागतं.

उद्याचा अर्ज आत्ताच लिहून काढला. सोनोग्राफीची तारीख आदेशातच घालावी, गार्ड देण्याची जबाबदारी मुख्यालयाच्या अधिकाऱ्यावर टाकावी, आणि त्या दिवशी नेलं नाही तर मुलाला येरवड्यात परत आणून ससूनला दाखवावं. अंतरिम जामिनाचा अर्जही सोबत जोडते आहे. मावशींना अकराच्या आत यायला सांगितलंय, प्रतिज्ञापत्रावर त्यांचा अंगठा लागेल.