जाड स्वे बार, चॅसी ब्रेस आणि वळणात नेमकं काय बदलतं

वळणात गाडी एका अंगावर झोपते हे खटकायला लागलं की बरेच जण थेट जाड स्वे बारच्या, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या सळईच्या, शोधात निघतात आणि जोडीला बॉनेटखालचा स्ट्रट बारही घेऊन येतात. दोन्ही वस्तू गाडी कडक करतात, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण दोघांचं काम वेगळं आहे. वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जो भार सरकतो, त्यातला किती पुढच्या जोडीने झेलायचा आणि किती मागच्या, ते स्वे बार ठरवतो. ब्रेस, म्हणजे स्ट्रट बारसारखा आधार, फक्त सस्पेन्शन ज्या पत्र्यावर बसलंय तो पत्रा हलू देत नाही. हा फरक लक्षात न घेता पार्ट निवडले की गाडी कलायची थांबते, पण वळायचीही थांबते.

एकूण किती भार सरकणार, हे गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरतं. बार बदलून ती बेरीज कमी होत नाही, तिची पुढे-मागे वाटणी बदलते. आणि टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. म्हणून ज्या जोडीत आतलं-बाहेरचं चाक जास्त असमान भाराने चालतं, त्या जोडीची पकड आधी संपते. पुढचा बार जाड केला की नाक बाहेर जायला लागतं, म्हणजे अंडरस्टीअर. मागचा जाड केला की शेपूट हलकी होते आणि गाडी नाक आत घालते.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. मॅकफर्सन स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात असलेल्या, गाडीत बॉडी कलली की बाहेरचं पुढचं चाकही रस्त्याच्या हिशेबाने बाहेर झुकतं आणि टायर खांद्यावर चालायला लागतो. अशा गाडीत पुढचा बार थोडा जाड केल्याने चाक जास्त सरळ राहून पकड वाढूही शकते. पुढच्या टायरचा बाहेरचा खांदा झिजलेला आणि मधला भाग अजून शाबूत, असं दिसत असेल आणि हवा व अलाइनमेंट दोन्ही बरोबर असतील, तर आपली गाडी या प्रकारात मोडते असं समजायला हरकत नाही.

आता जाडीबद्दल. स्वे बार म्हणजे पीळ खाणारी स्प्रिंगच, आणि तिचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरचा बार काढून २२ चा लावला तर कागदावर फरक २ मिलिमीटरचा, पण कडकपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. २० वरून २४ वर गेलात तर तो दुपटीच्याही वर जातो. त्यामुळे "अजून एक साइज मोठा घेऊ" हा विचार महागात पडतो. पोकळ बारही कमी समजू नका. बाहेरून २५ मिलिमीटर आणि भिंत ४ मिलिमीटर असलेली नळी त्याच व्यासाच्या भरीव सळईच्या तुलनेत जवळपास ७९ टक्के कडक असते, वजन मात्र ५४ टक्केच. म्हणून नुसता व्यास बघून दोन बारची तुलना करू नका, भरीव आहे की पोकळ ते आधी विचारा.

टोकाला दोन-तीन भोकं असलेला बार मिळत असेल तर तोच घ्या. लिंक, म्हणजे बारचं टोक सस्पेन्शनला जोडणारी काडी, पिळाच्या बाजूला जितकी जवळ, तितका बारचा वाकवलेला दांडा आखूड आणि बार कडक. २५० मिलिमीटरच्या दांड्यावरून २३० वर आलात की पिळाचा हिशेब धरून कडकपणा साधारण १८ टक्क्यांनी वाढतो. सुरुवात नेहमी टोकाच्या, म्हणजे सर्वांत मऊ भोकापासून करायची.

पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद जाते अशा गाडीत पहिला बदल मागच्या बारचाच असावा, हे आमचं ठाम मत आहे. पुढचा बार फार कडक केला तर वळणातून बाहेर पडताना आतलं पुढचं चाक हलकं होतं आणि साध्या डिफरन्शियलमुळे (दोन चाकांत ताकद वाटणारा गिअर) तेच चाक जागेवर फिरत राहतं. मागे बार वाढवला की नाक आत येतं. पण भर वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडला तर शेपूट सुटू शकते, आणि ओल्या रस्त्यावर हे फार लवकर होतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हाच हिशेब उलट आहे. तिथे एकटा मागचा बार जाड करणं धोक्याचं.

मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी आडवी तुळई, असेल तर वेगळा स्वे बार शोधत बसू नका. तो बीम स्वतःच पीळ खाऊन स्वे बारचं काम करतो. अशा गाड्यांसाठी दोन ट्रेलिंग आर्मच्या (चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) मध्ये बोल्टने बसणारा जादा बार मिळतो.

बार मागवण्याआधी गाडीखाली जाऊन बुश (बार धरणारे रबरी तुकडे) आणि लिंक हलवून बघा. रबर बुश तडकलेला, लिंकचा बॉल जॉइंट खिळखिळा, शॉकअप तेल गाळतोय, अशा अवस्थेत कारखान्यातून आलेला बारसुद्धा आपलं काम पूर्ण करत नसतो. कित्येकदा नुसते नवे बुश आणि लिंक टाकल्यावरच गाडी सरळ होते. हे काम आधी करा, मग जाडी ठरवा.

बसवताना सगळ्यांत पहिला नियम: एका ॲक्सलची दोन्ही चाकं एकाच वेळी सारख्या उंचीवर हवीत. एकच बाजू जॅकवर घेतली तर बार पिळलेला असतो, लिंकचा नट निघाला की तो झटका देतो. गाडी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर कधीच नको. गंजलेल्या आट्यांवर गंज सोडवणारं तेल आदल्या दिवशीच मारून ठेवा. लिंकचा नट सोडताना आतला बॉल पिनही बरोबर फिरतो, तेव्हा पिनच्या टोकाच्या खाचेत ॲलन की किंवा टॉर्क्स घालून ती धरायची आणि बाहेरून पान्याने नट फिरवायचा. खाच गोल झाली तर तो नट कापण्यावाचून इलाज नसतो, म्हणून खाचेतली माती आधी टोकदार खिळ्याने खरवडून काढा. नायलॉनचे लॉक नट पुन्हा वापरू नका.

मागचा बार साधारणपणे सहज निघतो. पुढचा बऱ्याच गाड्यांत सबफ्रेमच्या (सस्पेन्शन धरणाऱ्या खालच्या चौकटीच्या) वर अडकलेला असतो आणि सबफ्रेम थोडी खाली घ्यावी लागते. तसं करायचं असेल तर सबफ्रेम आणि बॉडीवर खुणा करून घ्या, स्टीअरिंगच्या जोडावर ताण येत नाही ना ते बघा, आणि काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्याच.

बुश पॉलियुरेथेनचे असतील तर आतून सिलिकॉनवर आधारित ग्रीस भरपूर लावा. साधं पेट्रोलियम ग्रीस रबराला फुगवतं, म्हणून जिथे जवळपास रबराचे भाग आहेत तिथे ते टाळायचं. क्लॅम्प आवळल्यावर, लिंक जोडण्याआधी, बार हाताने वर-खाली फिरवून बघा. थोडा जोर लागला तर ठीक, पण अडकत असेल तर क्लॅम्पखाली रंगाची गाठ आहे, बुशची चीर चुकीच्या बाजूला आहे, किंवा बुशच चुकीच्या मापाचा आहे. अडकलेला बार छोट्या खड्ड्यांवर गाडी उगाच दणदणवतो आणि लोक दोष जाडीला देतात. काही गाड्यांत मात्र मूळ बुश बारला चिकटवलेलेच असतात. ते फिरायचे नसतातच, आणि त्यांचे क्लॅम्प गाडीचं वजन चाकांवर असतानाच शेवटचे आवळायचे असतात.

लिंकची लांबी हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. गाडी खाली बसवली असेल तर मूळ लिंकमुळे बारचा दांडा भलत्याच कोनात जातो आणि ड्राइव्ह शाफ्ट किंवा टाय रॉडला घासतो. लांबी कमी-जास्त करता येणारी लिंक घ्या. गाडी सपाट जागेवर, चाकांवर उभी, चालकाच्या जागी तेवढंच वजन ठेवलेलं, अशा स्थितीत आधी एका बाजूची लिंक जोडा आणि मग दुसरीची लांबी फिरवत जा. पिन भोकात नुसत्या बोटाच्या दाबाने सरकली पाहिजे. पान्याने किंवा पहारीने ओढून बसवावी लागली, तर बार उभ्या गाडीतच पिळलेला राहतो, तिरक्या कोपऱ्यांवर वजन वाढतं आणि गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरीच वागते.

टॉर्क गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधलाच घ्या. अंदाज हवाच असेल तर ८.८ ग्रेडच्या एम८ बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर आणि एम१० ला ५० च्या आत. बार कडक झाल्यावर ब्रॅकेटवर येणारा जोरही वाढतो. पातळ पत्र्यावर बसलेलं ब्रॅकेट उघडून फाटू शकतं, म्हणून मजबुतीची पट्टी मिळत असेल तर ती आत्ताच घाला. बार आडवा सरकू नये म्हणून बुशला लागून कॉलर बसवा. नट आवळून झाले की त्यावर पेंटने रेघ ओढून ठेवा, १०० ते १५० किलोमीटरनंतर ती रेघ तुटली आहे का ते एका नजरेत कळतं. शेवटी चाकं पूर्ण लटकलेली, पूर्ण दबलेली आणि स्टीअरिंग दोन्ही टोकांना, अशा सगळ्या स्थितीत काहीही घासत नाही याची खात्री करा.

आवाजावरून दोष ओळखता येतो. हळू वेगात बारीक उंचवट्यांवर खटखट म्हणजे लिंक किंवा क्लॅम्प ढिला. कुईकुई म्हणजे कोरडा पॉली बुश. आणि एकच चाक खड्ड्यात गेल्यावर गाडी डोकं हलवल्यासारखी डावी-उजवी डुलते, तो मात्र दोष नाही, जाड बारचा स्वभाव आहे. बार दोन चाकं एकमेकांना बांधतो, त्यामुळे एका चाकाचा धक्का दुसऱ्यापर्यंत जातो. खराब रस्त्यावरच गाडी चालणार असेल तर जाडीत एक पायरी कमीच राहा.

आता ब्रेस. वरचा स्ट्रट बार उपयोगी पडतो तो मॅकफर्सनच्या गाडीत, कारण तिथे स्प्रिंगचा सगळा भार टॉवरच्या, म्हणजे स्ट्रटचं वरचं टोक बसतं त्या बॉडीच्या उंचवट्याच्या, डोक्यावर येतो. टॉवर फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला) चिकटून असतील तर तिथे आधीच कडकपणा असतो, आणि बारचा परिणाम जाणवेलच असं नाही. डबल विशबोनमध्ये, म्हणजे चाक वर-खाली दोन आर्मवर धरलेल्या सस्पेन्शनमध्ये, त्याहून कमी. टोकाला खिळीचा सांधा असलेला बार फक्त ताण आणि दाब घेतो, एकसंध वेल्ड केलेला बार वाकण्यालाही विरोध करतो. मधे वाकवून इंजिनावरून फिरवलेला बार सरळ बारइतका कडक नसतो. फायरवॉललाही जोडणारा त्रिकोणी ब्रेस मिळाला तर तो सर्वांत चांगला. खालच्या आर्मचे दोन्ही पिव्होट जोडणारा ब्रेसही काम करतो, आणि मोठ्या डिक्कीच्या हॅचबॅकमध्ये मागच्या टॉवरमधला बार बऱ्याचदा पुढच्यापेक्षा जास्त जाणवतो.

गरज आहे का, हे आधी मोजता येतं. एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या घ्या, त्यांची टोकं दोन टॉवरला बांधा आणि आतल्या नळीवर बाहेरच्या नळीच्या तोंडाला टेकवून एक केबल टाय घट्ट ओढून ठेवा. वळणांच्या रस्त्यावर एक फेरी मारून या. टॉवर जवळ आले असतील तर टाय तेवढा सरकलेला दिसतो. टाय जागचा हललाच नसेल तर तो बार तुमच्या गाडीला नको.

स्ट्रट बार बसवताना गाडी चाकांवर, सपाट जमिनीवर हवी. टॉवरच्या कडेचे नट काढायचे, मधला पिस्टन रॉडचा नट मुळीच सोडायचा नाही. त्यावर दाबलेली स्प्रिंग रोखलेली असते. वरचे नट सुटे असताना गाडी जॅकवर घेऊ नका. मधल्या नळीचा टर्नबकल (लांबी कमी-जास्त करणारा आट्यांचा भाग) हाताने घट्ट, वर पाव फेरा, बस्स. जास्त ताणून टॉवर बाहेर ढकलण्याने काहीही साधत नाही, कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकाव, मात्र हलतो. बॉनेट लावण्याआधी बारवर तीन-चार ठिकाणी मुलांच्या खेळण्यातल्या मऊ क्लेचे गोळे ठेवा, झाकण हळू बंद करून उघडा आणि दबलेल्या गोळ्यांची जाडी मोजा. इंजिन माउंटवर डोलतं, म्हणून त्याच्या आणि बारच्या मध्येही किमान १५ मिलिमीटर मोकळीक ठेवा.