काळ्या पडद्याचे वर्णन

दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी चित्रपटाचे वर्णन करणाऱ्याला संवादांमधल्या मोकळ्या जागेतच बोलावे लागते. चित्रपट परभाषेतला असला, तर संवादांचे मराठी रूपही दुसऱ्या आवाजात वाचले जाते आणि ती जागा आणखी आखडते. क्रिस्तोफ किएश्लोव्स्की यांच्या ‘थ्री कलर्स : ब्लू’ (१९९३) या चित्रपटात मात्र जागा भरपूर होती, कारण अपघातात नवरा आणि मुलगी गमावलेली ज्युली फारसे बोलतच नाही.

कॅफेतल्या प्रसंगात ती साखरेचा चौकोनी खडा कॉफीला टेकवून धरते. तो साधारण पाच सेकंदांत भिजावा म्हणून दिग्दर्शकाने निरनिराळी साखर तपासून घेतली होती. तेवढ्याच वेळात बसेल असे वाक्य मी घासूनपुसून तयार केले: ‘खडा कॉफीला टेकतो, तपकिरी रंग वर चढत जातो, खडा कपात पडतो.’ ‘ती दुःखात बुडाली आहे’ असे त्यात कुठेही नाही, याचे मला समाधान आहे.

खरा पेच काळोखाचा होता. चित्रपटात चार ठिकाणी, कुणीतरी काही बोलल्यानंतर, झ्बिग्न्येव प्राइस्नर यांचे संगीत अंगावर येते, पडदा पूर्ण काळा होतो आणि मग तोच चेहरा, तोच क्षण परत येतो. इतरांसाठी काळ पुढे सरकतो. ज्युलीसाठी तो तिथेच थांबलेला असतो. ‘पडदा काळा होतो’ हे वाक्य संयोजकांनी संहितेत आग्रहाने घातले. जे दिसते ते सांगा, हा नियम त्यांना पुरेसा वाटतो. मला तो अशा जागी आळशीपणाचा वाटतो, कारण ऐकणाऱ्याला त्यातून प्रसंग संपल्याचीच सूचना मिळते.

पहिल्या काळोखाला मी ते वाक्य वाचले. पोहण्याच्या तलावातल्या प्रसंगी मात्र, ‘रडतेयस?’ हा प्रश्न आणि ‘पाणी आहे’ हे उत्तर यांच्यामध्ये संगीत उसळले, तेव्हा मी संहिता बाजूला ठेवून गप्प राहिलो. खेळ संपल्यावर तबला शिकवणारे एक वयस्क गृहस्थ म्हणाले, “पहिल्या वेळी मला वाटलं, ती तिथून उठून गेली. तलावात तुम्ही बोलला नाहीत, तेव्हा कळलं, ती जागची हललेलीच नाही.”

त्यांच्या शेजारी बसलेल्या तरुणीला हे अजिबात पटले नाही. “दादा, डोळस लोकांना तिथे काळोख दिसला आणि तो तुम्ही माझ्यापासून लपवलात. मला काय कळावं, हे तुम्ही कसं ठरवता?” असे तिने स्पष्ट विचारले. संयोजकांचा नियम मी सहज खोडून काढू शकतो, पण तिचा प्रश्न नाही. खेळाआधीच्या प्रास्ताविकात या काळोखांची कल्पना देता येईल, पण मग पहिल्या वेळी बसणारा धक्का जातो, आणि तो डोळस प्रेक्षकाला कुणी आधी सांगून ठेवत नाही. पुढच्या खेळाच्या संहितेत त्या चार जागा मी अजून कोऱ्याच ठेवल्या आहेत.