बाईंची पेटी

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी दोन पाने लिहून द्या, असा समितीचा निरोप आला आणि त्या दिवसापासून मनात शाळेशिवाय दुसरा विषय नाही. लिहायला पुष्कळ आहे. गॅदरिंग आहे, मल्लखांब आहे, मागच्या जिन्याखालची पाण्याच्या माठांची रांग आहे. पण कागद पुढे ओढला की बाईच समोर येऊन उभ्या राहतात. आमच्या वेळच्या, म्हणजे १९७८ च्या एसएससी बॅचच्या आगेमागे असलेल्या मुलांना नुसते ‘बाई’ म्हटले की कोण, हे सांगावे लागत नाही. म्हणून नावही लिहीत नाही.

बाईंच्या उन्हाळ्याच्या पेटीबद्दल लिहितो.

आठवीत असताना बाई आम्हाला बडोद्याच्या मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत घेऊन गेल्या होत्या. तिथल्या पुस्तकांच्या कपाटांमधली जमीन जाड काचेची आहे. वरच्या मजल्यावरचा उजेड त्या काचेतून खालच्या मजल्यावर झिरपतो. आम्ही पाऊल टाकायला बिचकत होतो, तर बाई पुढे होऊन मधोमध उभ्या राहिल्या. तिथेच त्यांनी सांगितले की, सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना थेट अमेरिकेहून बोलावून घेतले, सगळ्या राज्यात वाचनालयांचे जाळे विणले आणि जिथे वाचनालय नाही अशा गावांना पुस्तकांनी भरलेल्या पेट्या पाठवल्या. फिरती पुस्तकालये. “गावोगाव पेट्या जात होत्या, मग आपल्या वर्गाला एक का नको?” असे म्हणून त्यांनी घरची हिरवी पत्र्याची ट्रंक शाळेत आणली. पुस्तके कोणाकोणाकडून मागून आणली होती, बरीचशी स्वतःच्या पगारातून घेतलेली होती. चाळीस पुस्तके. प्रत्येकाला खाकी कव्हर, त्यावर त्यांचे ते टपोरे अक्षर. चिकटवायला मैद्याची खळ, आणि कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद. तो वास मला आजही ओळखू येईल.

निकालाच्या दिवशी प्रगतिपुस्तकाबरोबर एक पुस्तक मिळायचे. मग सुटीभर दर शनिवारी सकाळी दांडिया बाजारातल्या त्यांच्या वाड्याच्या ओट्यावर जाऊन बदलून घ्यायचे. सुटीचा अभ्यास म्हणून काही नाही. सारांश नाही, ‘यातून काय शिकलास’ नाही. आमच्यातल्या एका हुशार मुलीने आपणहून वहीत सारांश लिहून आणला, तर बाईंनी वही न उघडता परत दिली आणि म्हणाल्या, “अगं, सुटी आहे ना? नुसतं वाच.” शिक्षकाने असे म्हणावे याचे तेव्हा नवल वाटले होते. आज मला त्यांचे ते सर्वांत मोठे देणे वाटते.

मात्र कोणते पुस्तक कधी वाचायचे, याबद्दल त्यांची मते ठाम होती. दुपारची पुस्तके वेगळी, गच्चीवरची वेगळी. बडोद्याचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. सुरसागराकडून येणारा वारासुद्धा तोंडावर वाफ मारल्यासारखा लागतो. खिडक्या लावून, वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारून फरशीवर पडायचे, तेव्हा बाईंच्या मते प्रवास वाचावा. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ मी असाच वाचला. वरसईहून दक्षिणा मिळवायला निघालेला गरीब भिक्षुक सत्तावन्नच्या धामधुमीत सापडतो, झाशीचा वेढा आतून पाहतो, मिळवलेले सगळे लुटले जाते, आणि तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन कोकणात परत येतो. तीन तीनदा वाचला. लहान मुलांनी दुपारी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचावा. दुपारभर आमच्या बाबाजीपुऱ्याच्या चाळीत कोणी ना कोणी फेणेसारखे ‘ट्टॉक्’ करत असे.

आणि गच्चीवर ‘स्मृतिचित्रे’. हे पुस्तक मी घरी आणले, पण वाचले आईने. रात्री गाद्या पसरल्या की कंदिलाच्या उजेडात ती मोठ्याने वाचायची आणि शेजारच्या काकू, आजी ऐकायच्या. लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांचे ते सोवळे आले की हसून मुरकुंडी वळायची आणि पुढच्याच पानावर सगळ्या गप्प व्हायच्या. समोरच्या घरातल्या गुजराती बा मराठी वाचू शकत नसत, पण रोज उशी घेऊन येत. एखाद्या रात्री आईचा घसा बसला तर विचारायच्या, “आजे नथी वांचवानुं?” पुस्तक एका शनिवारी परत द्यायचे होते. गच्चीवर अजून निम्मे राहिले होते. बाईंनी तीन शनिवार वाढवून दिले.

आता ती गोष्ट, जी मी आजवर फक्त बायकोला सांगितली आहे. मे १९७६. माझ्याकडे व्यंकटेश माडगूळकरांचे ‘बनगरवाडी’ होते. धनगरांच्या वाडीत नवा मास्तर येतो, शाळा भरू लागते, सगळी वाडी मिळून तालीम बांधते. मला ते ताटावरूनही खाली ठेववेना. आईने दोनदा हटकले होते. तिसऱ्यांदा वाटी कलंडली आणि आमरस थेट पानावर. ओल्या फडक्याने पुसले तर डाग पसरला, गच्चीवर वाळवले तर पान पापडासारखे फुगले. शेवटी मी शिते चोळून ती दोन पाने एकमेकांना चिकटवून टाकली.

शनिवारी बाईंनी नेहमीप्रमाणे अंगठ्याने पाने सोडत पुस्तक पाहिले. तिथे अंगठा अडला. त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या. चुलीवर चहाचे आधण होते, त्याच्या वाफेवर त्यांनी ती पाने धरली आणि सुरीच्या पातीने, कागद कुठे फाटू न देता, हळूहळू सोडवली. मी दारात उभा. दोन्ही पाने सुटी झाल्यावर म्हणाल्या, “डागाचं काही नाही रे. पण पुढच्या मुलाला मधेच गोष्ट तुटली असती.” मग विचारले, “हापूस की केसर?” मी म्हणालो, केसर. त्यांनी पेन्सिल घेऊन डागाशेजारी समासात लिहिले : केसर, मे १९७६.

ते पुस्तक मी पुन्हा घरी नेले. वाडीवर दुष्काळ पडतो आणि माणसे वाडी सोडून निघून जातात, तो शेवट मी त्या रात्री वाचला.

पुढे कलाभवनातून, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, केमिकल इंजिनिअर झालो, चौतीस वर्षे नोकरी केली, प्लांटच्या जबाबदाऱ्या सांभाळल्या, कामानिमित्त दोनदा जपानला जाऊन आलो. कामाची भाषा इंग्रजी, बाजाराची गुजराती. मराठी माझ्याजवळ राहिली ती त्या पेटीमुळे. नात टोरांटोला असते. गेल्या जुलैत तिच्या सुटीत आम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर रोज फास्टर फेणे वाचला. तिला जोडाक्षरे अडतात, पण ‘ट्टॉक्’ पहिल्या दिवशी जमले.

परवा शाळेत येऊन गेलो. मराठीचे वर्ग किती उरले ते इथे लिहवत नाही. वाचनालयाच्या खोलीत संगणक आहेत, ते हवेतच. पण हिरव्या पेटीबद्दल विचारले तर कोणालाच काही सांगता आले नाही. बाई जाऊनही आता बरीच वर्षे झाली.

पेटीतली पुस्तके जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी नक्की असतील. खूण सांगतो : खाकी कव्हर, आतल्या पानावर उजव्या कोपऱ्यात जांभळ्या शाईत ‘म’ आणि पुढे क्रमांक. म-१७ माझ्याकडे आहे, ‘माझा प्रवास’. १९७८ च्या जूनमध्ये परत द्यायचे राहून गेले. समारंभाला येताना मी ते घेऊन येतो आहे. ज्याच्याकडे म-९ असेल, त्याने समासातली पेन्सिल पुसट झाली असली तरी पुस्तक आणावे.