प्रोग्राम तिकडे, पडदा इकडे

प्रयोगशाळेतील लिनक्स संगणकावर पेशींच्या छायाचित्रांचे काम मला त्या दिवशी घरूनच संपवायचे होते. प्रत्येक पेशीची कड माउसने आखावी लागते, आणि त्यासाठी लागणारा प्रोग्राम व सगळी छायाचित्रे तिकडेच होती. नेहमीप्रमाणे एसएसएच या, दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या आज्ञेला मोठ्या एक्सचा (-X) पर्याय देऊन मी जोडणी केली. प्रोग्राम तिकडे सुरू झाला आणि त्याची विंडो माझ्या पडद्यावर उमटली.

काम मात्र संथ चालले होते. एक मेनू उघडायला काही सेकंद लागत होते, आणि इंटरनेटचा वेग कमी पडतो आहे अशी माझी समजूत झाली. पण दोष वेगाचा नव्हता. लिनक्सवर विंडो दाखवणारी जी एक्स नावाची प्रणाली आहे, तिच्या पद्धतीत प्रोग्राम पडद्याला काही विचारतो आणि पुष्कळदा उत्तर येईपर्यंत थांबून राहतो. संदेशाच्या जाण्यायेण्याला ८० मिलिसेकंद लागत असतील आणि असे १०० प्रश्न एकामागून एक विचारले गेले, तर तार कितीही रुंद असली तरी ८ सेकंद जाणारच. हे ध्यानात आल्यावर मी धीर धरून आखत राहिलो.

दुपारी घरचा राउटर अचानक बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि विंडो जागच्या जागी गोठली. एका पेशीभोवतीची पिवळी रेघ अर्ध्यावर थांबलेली होती. जतन न केलेल्या कितीतरी कडा त्या प्रोग्रामच्या स्मृतीतच होत्या, म्हणून मी घाईने दुसरी जोडणी करून तिकडच्या प्रक्रियांची यादी पाहिली. प्रोग्राम यादीत होता! मला हायसे वाटले, पण ते फार वेळ टिकले नाही, कारण त्याची विंडो नव्या जोडणीवर आणण्याचा कोणताही मार्ग मला सापडेना. काही मिनिटांनी तिकडच्या संगणकाला जुनी जोडणी तुटल्याचे कळले आणि प्रोग्राम यादीतून नाहीसा झाला. सकाळपासूनचे काम गेले, याचे मला फार वाईट वाटले.

१९८४ मध्ये एमआयटीत सुरू झालेल्या एक्समध्ये ज्याच्याकडे पडदा असतो तो सर्व्हर, म्हणजे सेवा देणारा, आणि दूरवरचा बलाढ्य संगणक चालवतो तो प्रोग्राम केवळ क्लायंट, म्हणजे सेवा मागणारा. ही उलटी वाटणारी नावे मला बरीच वर्षे पाठ होती, पण त्यांचा अर्थ त्या दुपारी कळला. सुरू करताना ज्या पडद्याशी नाते जुळले, तो हातचा गेला की असा प्रोग्राम सहसा स्वतःच बंद पडतो. माझ्या मते, तासन्‌तास चालणाऱ्या कामासाठी हा मार्ग वापरूच नये.

संध्याकाळी मी दोन्ही संगणकांवर एक्सप्रा नावाचे साधन बसवले. त्यात प्रोग्रामचा पडदा तिकडेच, आभासी स्वरूपात तयार होतो आणि घरच्या संगणकावर त्याचे फक्त चित्र येते. जोडणी तुटली तरी प्रोग्रामला त्याची झळ पोहोचत नाही. खात्री करण्यासाठी एका पेशीची कड अर्धी आखून मी मुद्दाम राउटरची तार उपसली, पाच मिनिटे थांबलो आणि पुन्हा जोडणी केली. पिवळी रेघ जिथे सोडली होती तिथेच होती. ती पूर्ण करून मी सकाळचे पहिले छायाचित्र पुन्हा उघडले.